सतरा नंबरचा दगड

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नाल्यातून दगड आणला. तोही पुरता आणला नाही. अर्ध्या वाटेवर ठेवला आणि उद्या सकाळी नेऊ म्हणून घरी आलो.

धुण्याचा दगड. आमच्या घरामागं बोरिंगजवळ जुना एक होता, त्याचा कोपरा फुटून धार आली होती. बायकोचं लुगडं त्या धारेत अडकायचं आणि फाटायचं. "दगड बदला जी," हे तिचं बोलणं मी किती वर्षं ऐकलं ते आता सांगता येत नाही. धान निघालं की आणू, असं म्हणायचो. धान निघायचं, मग लाखोरी, मग मोहफुलं, मग तेंदूपत्ता, की परत धानाचा चिखल. मी जंगलाच्या कामावर बांबूचे भारे वाहिले, तलावाच्या पाळीवर माती वाहिली, दुसऱ्यांच्या घराच्या पायव्यात दगड टाकले. घरचा तेवढा एक राहिला. आम्हाला लेकरू नाही. घरात बोलणारी ती आणि ऐकणारा मी. ऐकणाऱ्याला वाटते, बोलणं काय, उद्याही होईल.

पुसाचा महिना होता. नाल्याचं पाणी घोट्यावर आलं होतं. दगड तिनंच हुडकला. पाण्यानं घासून घासून एका बाजूनं अगदी गुळगुळीत झालेला. दोन हात लांब, हातभर रुंद, चार बोटं जाड. तिनं त्याच्यावर तळहात फिरवला, मग पदराचं टोक घासून पाहिलं. कुठं अडकलं नाही.

"हाच," म्हणाली.

"जड हाय."

"मग का तो उडून येईन?"

बैल आमचे केव्हाच गेले होते. दगडाला निळ्या नायलॉनच्या दोरीचे दोन वेढे दिले, दोरीतून बांबू घातला आणि बांबूची टोकं दोघांच्या खांद्यावर. मी पुढं होतो म्हणलं, तर ऐकेना. "नोको. तुमचं डुलणं पाहून मले भार जास्त वाटते." मग ती पुढं, मी मागं. नाल्यातला चिखल तिच्या लुगड्याला गुडघ्यापर्यंत लागला होता. पन्नास पावलं चालायचं, ठेवायचं, दम घ्यायचा, उचलायचं. असं करत करत आम्ही टेकाडापाशी आलो.

हे टेकाड गावाच्या अलीकडं, वाटेला लागून आहे. तिथं सोळा मोठे दगड गोल करून बसलेले आहेत. उभे आहेत असं आमच्याकडं कोणी म्हणत नाही, बसले आहेत म्हणतात. कोणी बसवले, केव्हा, ते माझ्या आज्यालाही ठाऊक नव्हतं. आम्ही त्या जागेला दगडायचा बजार म्हणतो. बाजारात बायका जशा आपापली पाटी पुढं घेऊन गोल बसतात तसे ते दिसतात. डोक्यावर ओझं घेऊन तिथून जायचं असलं तर त्यातलं चिमूटभर तिथं ठेवायचं, अशी चाल आहे. बाजारातून कोणी रिकाम्या हातानं जाते का? तेंदूपत्त्याच्या दिवसात तिथं एकेक पान पडलेलं असते, मोहाच्या दिवसात एकेक फूल. माझ्या बायकोनं ती चाल कधी चुकवली नाही. मी चुकवत होतो.

टेकाडापाशी ती थांबली. थंडीत तिच्या कपाळावर घाम होता. मी पाहिला. पाहून काही बोललो नाही.

वाटेच्या त्या बाजूला, टेकाडाच्या समोरच, तिच्या मैत्रिणीचं घर आहे. मातीचं, दोन खोल्यांचं. तीही एकटीच राहते, तिचा माणूस जाऊन बरीच वर्षं झाली. ती अंगणात धान पाखडत होती. आम्हाला पाहून तिथूनच ओरडली, "काय जी भाऊजी, बायकोले बैल बनवलं का?"

"बैल त हे हायत," माझी म्हणाली, "मी नुसती हाकून राहिली."

दोघी हसल्या. मग माझी मला म्हणाली, "आज इतकंच. उद्या सकाळी नेऊ."

मी दगड आडवा टाकायला लागलो. तिनं थांबवलं. "आडवा टाकला त उद्या त्याच्याखालून दोर कसा काढान? हात दबतीन. उभा करा." तिच्या कमरेला विळा होता. तिनं विळ्यानं वीतभर खड्डा खोदला, आम्ही दगड त्याच्यात उभा केला, भोवती बारके दगड ठोकून बसवला. दोरी सोडली नाही. "असू द्या," म्हणाली, "उद्याचं काम कमी." दोरीचा वेढा खाली मातीतच राहिला, वरचं टोक तिनं खोचून टाकलं. मग पदरात लाखोरीची भाजी खुडून आणली होती, त्यातली चिमूटभर तिनं दगडांपुढं ठेवली आणि तिच्या मायकडच्या गोंडीत काहीतरी पुटपुटली. काय ते मी विचारलं नाही.

घरी येताना लुगड्याच्या चिखलाकडं पाहून म्हणाली, "हे आता उद्या नव्या दगडावर धुवन." आणि ते खुंटीला टांगून दुसरं नेसली. संध्याकाळी भात आणि लाखोरीची भाजी खाल्ली.

सकाळी मी उठलो. ती उठली नाही.

दवाखान्यात न्यायची वेळच आली नाही. तलावाच्या पलीकडं तिला माती दिली. लोक आले, जेवले, गेले. बाकीचं काही मला नीट आठवत नाही, आणि आठवते ते लिहायचं नाही.

दगड तिथंच राहिला.

पुढं मी रोज सकाळी टेकाडावर जाऊन बसायला लागलो. कामावर जाणं सुटलं होतं. त्या दिवसात तलावावरून धुकं उठायचं आणि टेकाडावर येऊन थांबायचं. धुक्यात दगडांची नुसती डोकी दिसायची. बघत बसलं की वाटायचं, आता हे हलतील, एकमेकांना भाव विचारतील, पाट्या उचलून घरी जातील. एखाद्या वेळी सोळा मोजायचो आणि सतरा यायचे. मग आठवायचं, सतरावा आपला. तो इतरांपेक्षा लहान, जरा वाटेकडं सरकून, उशिरा आलेल्या बाईला कडेला जागा मिळावी तसा. धुकं निघून गेल्यावरही तो तिथंच असायचा. मला ते बरं वाटायचं.

घरी का नेला नाही, असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, एकट्यानं उचलत नाही. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. तिनं उद्या म्हटलं होतं. दगड तिथं होता तोवर तो उद्या अजून यायचा होता. उठवला असता तर झाला असता. मी लय शिकलेला नाही, चौथीत शाळा सुटली, पण एवढं मला कळत होतं.

गावातल्या बायकांना वाटलं, मी तो तिच्या नावानं बसवला. आमच्यात पूर्वी मेलेल्या माणसाच्या नावानं दगड ठेवायची चाल होती. कोणी त्याला हळद लावून गेली, कोणी दोन दाणे ठेवून गेली. मी नाही म्हटलं नाही.

माघात एक पोरगी आली. पोरगी म्हणजे सरकारी खात्यातली बाई, पण माझ्यापुढं पोरगीच. टोपी, पाठीवर पिशवी, बूट लाल मातीनं माखलेले. गावाची सडक मोठी व्हायची होती. मोठी करायच्या आधी तिच्या कडेला जुनं काही आहे का, ते खात्याच्या माणसानं पाहून घ्यायचं, असा नियम आहे म्हणे. दोन दिवस ती टेकाडावर होती. प्रत्येक दगडाची लांबी-रुंदी घेतली, फोटो घेतले, खाली बसून गवत बाजूला करून पाहिलं. एखादी बाई दुसरीच्या लेकराचं डोकं पाहते तसं. मला ती आवडली.

"आजोबा, हे दगड तीन हजार वर्षांचे असू शकतात," ती म्हणाली. "यांच्याखाली माणसं पुरलेली असतात. त्यांची भांडी, त्यांचे मणी."

"आमी याले बजार म्हणतो."

तिनं ते लिहून घेतलं. मग ती सतराव्यापाशी आली. त्याच्यावरून हात फिरवला. अगदी तसाच, तळहात पसरून.

"हा वेगळा आहे. लहान. एका बाजूनं किती गुळगुळीत केलाय. हळदही लावलेली आहे." तिनं बोटाला लागलेली हळद पाहिली. "हा एखाद्या बाईचा असावा. काय वाटतं तुम्हाला? बाईचा असेल का?"

"हो," मी म्हणलं. "बाईचाच हाय."

खोटं नव्हतं त्यात काही. पण मी जे म्हणलं ते तिनं ऐकलं नाही आणि तिनं जे ऐकलं ते मी दुरुस्त केलं नाही. तिनं रंगाचा डबा काढला. प्रत्येक दगडाच्या पायाशी पांढऱ्या रंगानं नंबर टाकला. एक ते सोळा, आणि सतरा. सतराचा सात जरा वाकडा झाला.

"आता याला कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "हे कच्चं जाहीर झालं आहे. पक्कं झालं की या हद्दीत खोदायचं नाही, बांधायचं नाही, दगड हलवायचा नाही. हलवला तर कायद्यानं गुन्हा आहे."

मी घरी आलो आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवलो. माझ्या बायकोच्या धुण्याच्या दगडाला सरकारचा कायदा राखत होता. आता उद्या कधीच यायची गरज नव्हती.

चैत्रात सडकेची माणसं आली. चुना टाकला, खुंट्या ठोकल्या. तेव्हा सगळीकडं मोहफुलांचा वास होता, डोकं जड करणारा, आणि मी त्या वासात आपला टेकाडावर बसलेलो. त्यांनी फीत धरली ती माझ्यासमोरच. एकानं टोक सतराव्या दगडाला लावलं, दुसरा मागं मागं चालत गेला. वाटेच्या पार गेला, मैत्रिणीच्या अंगणात गेला, तिच्या भिंतीला टेकला. मग लाल रंगानं भिंतीवर मोठी फुली मारली.

ती दारात उभी होती. हातात सूप.

"हे कायले?" तिनं विचारलं.

"बाई, दगडाच्या बाजूला सरकता येत नाही. सगळ्यात कडेच्या दगडापासून अंतर सोडावं लागते. मग सडक या बाजूनं वाढणार."

तिनं फुलीकडं पाहिलं. मग वाटेच्या पलीकडं, माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. तेव्हाच मला हिशोब कळला होता. सतरावा नसता तर अंतर सोळाव्यापासून सुटलं असतं, आणि सोळावा चांगला आत आहे. पण मी मनाला सांगितलं, आपल्याला नकाशातलं काय कळते. मोठ्या लोकांचं मोजमाप. महिनाभर मी असं सांगत राहिलो, आणि वाट चुकवून टेकाडावर मागच्या बाजूनं चढत राहिलो, तिचं अंगण लागू नये म्हणून.

सुनावणी वैशाखात झाली. ग्रामपंचायतीपुढं आंब्याच्या सावलीत, सकाळी, ऊन तापायच्या आत. एकच टेबल. एका बाजूला सडकेचा साहेब, नकाशाची गुंडाळी घेऊन. दुसऱ्या बाजूला ती पोरगी, फाईल घेऊन. मध्ये चहाचे कप. पक्का आदेश निघायच्या आधी गावाचं ऐकून घ्यावं, हे कायद्यातच लिहिलं आहे, असं पोरगीनं सांगितलं. मग तिनं तिचा कागद वाचला, साहेबानं त्याचा वाचला. दोन्ही कागदात एक शब्द सारखा होता. मी शेजारच्याला विचारलं, जनहितार्थ म्हणजे काय गा?

"तुह्या माह्या भल्यासाठी."

"दोघायचंही?"

"दोघायचंही."

गावाला सडक पाहिजे होती. मलाही पाहिजे होती. पावसाळ्यात एसटी फाट्यावरूनच परत जाते, तालुक्याच्या अर्जुनीला जायचं तर आधी तीन कोस चिखल तुडवावा लागते. एक जण उठून बोलला, "जित्या माणसाले सडक नाही आन मेलेल्यायले कायदा? हा कोन्ता न्याय?" टाळ्या पडल्या.

पोरगी उठली. तिचा आवाज बारीक होता पण ती घाबरली नाही. "जिवंत माणूस इथं येऊन हरकत घेऊ शकतो. त्यांना येता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी कायदा आहे. मला सडक अडवायची नाही. दगड राहून सडक जावी, एवढंच पाहायचं आहे."

"जाते की," साहेब म्हणाला. त्यानं नकाशा पसरला. "हा सतरा नंबर नसता तर कोणाचं काहीच न जाता सडक गेली असती. पण नंबर आहे तर आहे. कायदा दोघांनाही पाळायचा आहे. एक घर जाते. भरपाई मिळेल." आणि त्यानं मैत्रिणीचं नाव पुकारलं. "तुमची काही हरकत?"

ती बायकांच्या मागं बसली होती. उठली. पदर सारखा केला.

"माझी काही हरकत नाही."

"घर जाणार आहे तुमचं, बाई."

"मले ऐकू येते. मातीचं घर हाय, दुसरं बांधन." आणि बसली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

तेव्हा मला आठवलं. इतके महिने आठवलं नव्हतं. काय जी भाऊजी, बायकोले बैल बनवलं का. ती अंगणातच होती. दगड आम्ही खांद्यावर आणला ते तिनं पाहिलं, खड्डा खोदला ते पाहिलं, उभा केला ते पाहिलं. बाकीच्यांना तो बायकोच्या नावानं ठेवलेला वाटत होता, आणि मेलेल्याच्या दगडाबद्दल कोणी तोंड उघडत नाही; सतरा नंबर धुण्याचा दगड आहे हे साऱ्या गावात तिला एकटीला माहीत होतं. भिंतीवर फुली पडली त्या दिवशीही माहीत होतं. एक शब्द बोलली असती तर तिचं घर वाचलं असतं.

मी उभा राहिलो.

"सतरा नंबर खोटा हाय," मी म्हणलं.

साहेबानं कप खाली ठेवला.

"तो धुण्याचा दगड हाय. माह्या बायकोचा. पुसात नाल्यातून आणला होता आमी."

कोणीतरी हसलं. सरपंच म्हणाले, "मामाजी, बसा. ऊन लागून राहिलं तुम्हाले." आणि मागून मैत्रीण, हळूच पण मला ऐकू येईल अशी, "बसा जी भाऊजी. कायले बोलून राहिले?"

"खरं तेच बोलून राहिलो."

साहेब पोरगीकडं पाहायला लागला. पोरगीचं तोंड लाल झालं. "आजोबा, पुरावा काय याला?"

सगळा गाव टेकाडावर आला. सावल्या आखूड झाल्या होत्या, दगड डोळे मिटल्यासारखे बसलेले. मी विळा मागितला. पोरगी माझ्या शेजारी उकिडवी बसली. सतराव्याच्या पायाशी मी ठोकलेले बारके दगड काढले, माती काढली. दोनदा विळा बोटाला लागला. मग माती फोडून निळी दोरी बाहेर आली. तिचा रंगही गेला नव्हता.

साहेब म्हणाला, "म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी नायलॉन होतं."

गाव हसलं. मीही हसलो असेन. पोरगी हसली नाही. तिनं दोरीचं टोक दोन बोटात धरलं आणि विचारलं, "दोरी का ठेवली खाली?"

"उद्याचं काम कमी व्हावं म्हणून. ती म्हणे."

"उद्या म्हणजे?"

"ती सकाळी उठली नाही."

पोरगीनं दोरी सोडली. मग म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं, आजोबा."

"तुमी विचारलं, बाईचा का. बाईचाच होता."

"तेव्हाच नीट सांगितलं असतं तर?"

"त तुमी नंबर टाकला नसता."

ती माझ्याकडं पाहत राहिली. मला वाटलं, आता रागावेल. रागावायला पाहिजेच होतं. तिनं फाईल उघडली, सतराच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि फीत धरणाऱ्या माणसाला हाक मारली, "फीत सोळापासून धरा." माणूस मागं मागं चालत गेला. वाटेच्या कडेला थांबला. अंगणात गेला नाही. साहेबानं नकाशा गुडघ्यावर ठेवून पेन्सिलीनं रेघ ओढली, पुसली, परत ओढली. थोडं वळण द्यावं लागेल, म्हणाला, पण घर राहते आणि दगडही राहतात. दोघांनी तसं वर लिहून पाठवायचं ठरवलं. वर मंजूर होईल ते होईल. सोळा दगड मात्र पक्के.

"हा आता तुमचा," पोरगी म्हणाली. "घेऊन जा. पण लिहून द्यावं लागेल, हा दगड तुम्ही ठेवला म्हणून."

मी टेकाडावरच बसून लिहून दिलं. चार ओळी झाल्या. कागद तेवढाच होता. त्यात जे बसलं नाही ते इथं लिहिलं.

लोक पांगले. मैत्रीण आणि मी वाट ओलांडली. तिच्या भिंतीपाशी थांबलो. लाल फुली उन्हात तेलकट चमकत होती.

"तुमाले माहीत होतं," मी म्हणलं.

"मी का आंधळी हाय?"

"मग काऊन नाही सांगितलं?"

तिनं नखानं फुलीचा पोपडा काढून पाहिला. निघाला नाही. "तुमी रोज तिथं बसता जी. मले अंगणातून दिसते. ती गेल्यावर मीही कोणाशी बोलावं? मी इथून पाहत होती, तुमी तिथं बसत होते. चाललं होतं." मग तिचं तिलाच हसू आलं. "आन जिती होती त तिले जंगलाच्या जमिनीचा पट्टा भेटला नाही. किती अर्ज केले बिचारीनं. मेल्यावर सरकारचा नंबर भेटला. तो कायले मी काढून घेऊ?"

मी निघालो. तिनं मागून विचारलं, "आता काय कराल त्याचं?"

"नेईन."

"एकटे?"

मी चालत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी बांबू घेऊन टेकाडावर गेलो. मैत्रीण आधीच येऊन बसली होती, डोक्याला फडकं गुंडाळून.

"दोन माणसायचं काम हाय," म्हणाली.

दोरी होतीच. दगड हलवून मोकळा केला, वेढ्यातून बांबू घातला. बायकोचं खरं होतं, हात दबला नाही. मैत्रीण पुढं गेली, मी मागं. उचलायच्या आधी मला चाल आठवली. खिशात काही नव्हतं. विडीचं बंडल होतं, त्यातली एक विडी मी बजारात ठेवली. मैत्रिणीनं पाहिलं आणि नाक मुरडलं. मग पन्नास पावलं, दम, पन्नास पावलं. वाटेत दोनदा म्हणाली, "ओढू नका जी, चाला."

घरामागं बोरिंगजवळ दगड टेकवला. गुळगुळीत बाजू वर. सतराचा आकडा खालच्या कडेला राहिला, तो मी पुसला नाही. जुना फुटका दगड ढकलून कुंपणाला लावला. मैत्रीण पाणी पिऊन गेली.

मग मी घरात जाऊन खुंटीवरचं लुगडं काढलं. चिखल वाळून त्याचे कडक पापुद्रे झाले होते, हात लागला की गळत होते. मी आजवर लुगडं धुतलं नव्हतं. बोरिंग हापसलं, बादली भरली, दगडावर पाणी ओतलं आणि लुगडं त्याच्यावर पसरून घासायला बसलो. ती आपटायची, मी आपटलं नाही. नाल्याची माती पाण्यात सुटत गेली, पाणी लाल झालं, मग मळकट, मग साधं. पिळून दोरीवर टाकलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हात लावून पाहिलं.

कुठं फाटलं नव्हतं.